फ्यूजनचा सूर्य आणि विजेचे मालक



गेली तीन-चार वर्षे वर्तमानपत्रांतून आणि टी.व्ही.वरून एक मोठी बातमी पुन्हा पुन्हा येते आहे. सूर्याच्या पोटात जी आग आहे ती शास्त्रज्ञांनी पृथ्वीवर पेटवली आहे. लवकरच या फ्यूजनची वीज येणार. ती अमाप असेल, स्वस्त असेल, तिला धूर नाही की राख नाही, असे सांगितले जाते. आमच्या बेंगळूरमध्ये हे बोलणे अधिकच कानावर येते. येथे टाटांच्या देणगीतून उभी राहिलेली विज्ञान संस्था आहे, जगातल्या बड्या संगणक कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत आणि आता फ्यूजनच्या नावाने नवी खाजगी कंपनीही निघाली आहे. गेट मीटिंग संपल्यावर आमचे सभासद विचारतात, "सेक्रेटरीसाहेब, हे खरे आहे का? आणि खरे असले तरी आपल्याला त्याचे काय?"

आपल्याला त्याचे पुष्कळ आहे. देशातले ब्रॉडगेज मार्ग आज जवळजवळ सगळे विजेवर आले आहेत. म्हणजे वीज ज्याच्या हातात, त्याच्या हातात रेल्वेची नाडी. टपाल खात्यातील बांधवांचेही तेच आहे. पोस्टाचा काउंटर आता संगणकावर चालतो आणि वीज गेली की रांग तिथेच थांबते. म्हणून या प्रश्नावर कामगार संघटनेने बोलायचे नाही, ते शास्त्रज्ञांचे काम आहे, हे म्हणणे आम्हाला मान्य नाही.

आमची भूमिका सुरुवातीलाच सांगतो. फ्यूजनचे शास्त्र खरे आहे. त्याच्या जाहिरातीत दिलेल्या तारखा खोट्या आहेत. आणि ती वीज उद्या कोणाच्या मालकीची असणार, हा सौदा मात्र आजच, आपल्या डोळ्यांदेखत होतो आहे.

शास्त्र काय सांगते

अणुवीज दोन तऱ्हांनी मिळू शकते. तारापूर, कैगा या केंद्रांत युरेनियमचा जड अणू फोडतात. फ्यूजनमध्ये उलटे आहे. हायड्रोजनचे दोन हलके भाऊ, ड्यूटेरियम आणि ट्रिटियम, एकमेकांत मिसळवायचे. त्यातून हेलियम वायू तयार होतो, एक न्यूट्रॉन सुटतो आणि प्रचंड उष्णता मिळते. ड्यूटेरियम समुद्राच्या पाण्यात आहे. एक घनमीटर पाण्यात सुमारे ३३ ग्रॅम. त्याला तोटा नाही.

पण हे दोन अणू सहजासहजी जवळ येत नाहीत. त्यासाठी सुमारे १५ कोटी अंश तापमान लागते. येलहंकाच्या रेल्वे चाक कारखान्यात आपले बांधव विजेच्या भट्टीत भंगार पोलाद वितळवतात, तेथे तापमान १,६०० अंशांच्या आसपास असते आणि त्या भट्टीपुढे उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांनाच विचारावे. १५ कोटी अंशांचा वायू कोणत्याही धातूच्या भांड्यात मावणार नाही. म्हणून तो प्रचंड लोहचुंबकांच्या जोरावर, भिंतीला न टेकता, हवेत तोलून धरायचा. ज्या गोल यंत्रात हे करतात त्याला टोकामॅक म्हणतात. दुसरी तऱ्हा म्हणजे इंधनाच्या बारीक गोळीवर सगळीकडून लेसरचा मारा करायचा.

या वाटेचा मोठा गुणही सांगितला पाहिजे. येथे आग हाताबाहेर जाऊन चेर्नोबिलसारखा स्फोट होण्याची भीती नाही, कारण जरा बिघाड झाला की आग आपोआप विझते. हजारो वर्षे सांभाळावा लागणारा जळका युरेनियमचा कचराही नाही. म्हणून आम्ही फ्यूजनचे विरोधक नाही. वाफेचे इंजिन जाऊन डिझेल आले, डिझेल जाऊन वीज आली. रेल्वे कामगार प्रत्येक नवे यंत्र शिकला आणि त्याने ते चालवून दाखवले. आमचे भांडण यंत्राशी नसते. यंत्र कोणासाठी आणि कोणाच्या जिवावर, एवढेच आम्ही विचारतो.

तारखांचे वेळापत्रक

आता तारखा पाहू. डॉ. होमी भाभा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेंगळूरच्याच विज्ञान संस्थेत होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे कामही १९४५ मध्ये प्रथम येथेच सुरू झाले आणि मग मुंबईला गेले. तेच भाभा ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाच्या जागतिक अणुपरिषदेचे अध्यक्ष होते. तेथे त्यांनी भाकीत केले की येत्या दोन दशकांत फ्यूजनची शक्ती काबूत आणण्याचा मार्ग सापडेल. म्हणजे १९७५ पर्यंत. भाभांसारख्या माणसाने ते सद्भावनेने केले, त्यांच्यामागे कोणी भागधारक उभा नव्हता. तरीही गाडी आली नाही.

पुढे जगातल्या सरकारांनी एकत्र येऊन फ्रान्समध्ये काडाराश येथे ईटर नावाचे महायंत्र उभारायचे ठरवले. करार २००६ मध्ये झाला. युरोप, अमेरिका, रशिया, चीन, जपान, कोरिया आणि भारत असे सात भागीदार. पहिली चाचणी २०१६ मध्ये होणार होती. मग ती २०२५ वर गेली. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकाप्रमाणे संशोधनाला सुरुवात २०३४ मध्ये आणि खऱ्या इंधनाचा, म्हणजे ड्यूटेरियम-ट्रिटियमचा वापर २०३९ मध्ये. आणि एवढे करूनही ईटर एक युनिट वीज बनवणार नाही. ५० मेगावॉट उष्णता आत घालून ५०० मेगावॉट बाहेर काढता येते का, एवढेच ते दाखवणार आहे. आपली गाडी तासभर उशिरा आली तर स्टेशन मास्तरला स्पष्टीकरण द्यावे लागते. या गाडीचा उशीर दशकांत मोजावा लागतो.

मग "यश मिळाले" म्हणतात ते काय? डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९२ लेसर किरणांनी इंधनाची गोळी पेटवली. लेसरने गोळीवर टाकली त्यापेक्षा जास्त ऊर्जा बाहेर आली. शास्त्राच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे, त्यात शंका नाही. पण वीजबिलाच्या भाषेत सांगायचे तर बाहेर आलेली ऊर्जा एक युनिटही भरत नाही, आणि ते लेसर चालवायला ८० युनिटांहून जास्त वीज लागली. इंग्लंडमधील जेट यंत्राने २०२३ मध्ये, बंद होण्यापूर्वी, जो विक्रम केला तो सुमारे १९ युनिटांइतक्या उष्णतेचा. आमच्या घरातले पंखे, दिवे आणि फ्रीज तेवढ्यात काही दिवस चालतील. एवढ्यावरून कोळसा संपला, वीज फुकट झाली, असे जे सांगतात ते एक तर अडाणी आहेत किंवा त्यांना काही विकायचे आहे.

आपल्या देशातले शास्त्रज्ञ अधिक सरळ बोलतात. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने १९८९ मध्ये 'आदित्य' हा टोकामॅक चालू केला, पुढे अतिवाहक चुंबकांचे एस.एस.टी.-१ हे यंत्र उभे केले. तेथील शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये जो आराखडा मांडला त्यात २५० मेगावॉटच्या प्रात्यक्षिक केंद्रासाठी २०६० हे साल धरले आहे. आज भरती झालेला पंचविशीतला ट्रॅकमन त्या वेळी निवृत्तीला आलेला असेल.

बेंगळूरच्या हातांचे काम

मग भारताने यात पडावे कशाला, असे काही जण विचारतात. त्यांना आम्ही बेंगळूरचेच उदाहरण देतो.

ईटरच्या मुख्य पात्राला दोन भिंती आहेत. त्या दोन भिंतींमध्ये न्यूट्रॉन अडवण्यासाठी बोरॉनयुक्त आणि चुंबकीय पोलादाचे ठोकळे बसवायचे असतात. असे सुमारे ९,००० ठोकळे, हजारो निरनिराळ्या मापांचे, भारताने द्यायचे ठरले आणि ते बेंगळूरच्या अवसरला टेक्नॉलॉजीज या कारखान्यात तयार झाले. येथून ते कोरियाला आणि इटलीला गेले, कारण पात्राचे भाग तेथे जोडले जात होते. ईटरला बाहेरून झाकणारे ३,८५० टन वजनाचे पोलादी कवच गुजरातमध्ये हजिरा येथे घडले. जगातल्या सर्वांत अवघड यंत्राच्या अंगात आपल्या फिटरचे, वेल्डरचे, मशिनिस्टचे काम आहे. बातम्यांत मंत्र्यांची नावे येतात, कंपन्यांची येतात. या कामगारांचे नाव कोणी घेत नाही, म्हणून आम्ही येथे घेतो.

हे कौशल्य बेंगळूरला कोठून आले? ते कोणा एका उद्योगपतीच्या खिशातून आले नाही. एच.एम.टी., एच.ए.एल., बी.ई.एल., आय.टी.आय., बी.ई.एम.एल. या सार्वजनिक कारखान्यांनी दोन-तीन पिढ्या कामगार घडवले. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरे साऱ्या शहरात पसरली. त्यापैकी एच.एम.टी.चा घड्याळांचा कारखाना बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला. झाड तोडायचे आणि फळाची मात्र जाहिरात करायची, असा हा न्याय आहे.

ईटरमध्ये भारताचा वाटा सुमारे ९ टक्के आहे. पण करार असा आहे की तेथे जे ज्ञान मिळेल ते सातही भागीदारांना खुले राहील. सरकारांनी एकत्र येऊन केलेल्या कामाचा हा फायदा आहे. हीच गोष्ट खाजगी कंपनीने केली असती तर प्रत्येक स्क्रूवर पेटंट लागले असते.

पहिला दिवा कोणाच्या दारी

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अमेरिकेत एम.आय.टी. या संस्थेत सरकारी पैशाने चालणारा एक टोकामॅक होता. सरकारने अनुदान बंद केले आणि २०१६ मध्ये तो थांबला. तेथल्याच शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये खाजगी कंपनी काढली. जून २०२५ मध्ये गूगल कंपनीने तिच्याशी २०० मेगावॉट विजेचा करार केला. केंद्र अजून बांधायचे आहे, यंत्राने अजून एकदाही वीज दिलेली नाही, पण विजेचे बुकिंग झाले. मायक्रोसॉफ्टने तर २०२३ मध्येच दुसऱ्या एका कंपनीशी २०२८ साठी करार करून ठेवला आहे. जगभर या खाजगी कंपन्यांत दहा अब्ज डॉलरच्या आसपास पैसा लागला आहे. चाळीस-पन्नास वर्षे जनतेच्या पैशाने शेत नांगरले, पेरले, राखले. पीक दिसू लागताच मळणीला दुसरेच हजर झाले.

बेंगळूरला हे नवे नाही. म्हैसूर संस्थानाने कावेरीच्या शिवनसमुद्र धबधब्यावर वीजघर बांधले आणि १९०२ मध्ये वीज सुरू झाली. ती पहिल्यांदा कोठे गेली? सुमारे दीडशे किलोमीटर तार टाकून कोलारच्या सोन्याच्या खाणींना, ज्या जॉन टेलर या इंग्रज कंपनीच्या हातात होत्या. वाटेवरच्या गावांना नाही, शहराला नाही. बेंगळूरच्या बाजारपेठेत विजेचा दिवा लागला १९०५ मध्ये, तीन वर्षांनी. नदी राज्याची, धबधबा राज्याचा, पैसा राज्याचा, आणि पहिले गिऱ्हाईक सोन्याची कंपनी. आज सोन्याच्या जागी संगणकाची गोदामे आली आहेत, ज्यांना डेटा सेंटर म्हणतात. फ्यूजनची पहिली वीज त्यांच्या नावावर आत्ताच लिहिली जाते आहे. रेल्वे, पाणीपुरवठा, इस्पितळे, शेतीपंप या यादीत कोठेही नाहीत.

आपल्या मराठी वाचकांना दाभोळही आठवत असेल. १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाला एनरॉनच्या कंपनीशी करार करायला लावला. वीज घ्या किंवा न घ्या, ठरलेला आकार भरायचा, आणि वर सरकारची हमी. १९९९ मध्ये वीज आली, तिच्या दराने मंडळाचे कंबरडे मोडले, २००१ मध्ये केंद्र बंद पडले आणि त्याच वर्षी अमेरिकेत एनरॉनचे दिवाळे वाजले. शेवटी निस्तरले कोणी? सार्वजनिक कंपन्यांनीच. त्या केंद्राची वीज पुढे काही वर्षे आपल्या रेल्वेने घेतली. दाभोळचे शास्त्र तर शंभर टक्के सिद्ध झालेले होते, वायू जाळून वीज करणे त्यात नवे काही नव्हते. तरी मालकी आणि कराराने घात केला. मग जे शास्त्र अजून सिद्धच व्हायचे आहे, त्याच्या नावाने उद्या कोणते कागद पुढे येतील?

ही भीती पोकळ नाही. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारने २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज करण्याची घोषणा केली आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' कायदा मंजूर करून १९६२ चा अणुऊर्जा कायदा मोडीत काढला. अणुवीज केंद्रे उभारण्याची दारे खाजगी कंपन्यांना उघडली. आज युरेनियमची भट्टी त्यांना मोकळी झाली. उद्या फ्यूजनची भट्टी तयार झाल्यावर ती सरकारकडेच राहील, असे समजणारा फारच भाबडा म्हटला पाहिजे.

कैग्याचा धडा

एक गोष्ट जाहिरातीत कधीच नसते. फ्यूजनचे अर्धे इंधन ट्रिटियम आहे आणि ते किरणोत्सारी आहे. निसर्गात ते जवळजवळ सापडत नाही. मोठ्या फ्यूजन केंद्राला वर्षाला शंभर किलोहून जास्त लागेल, आणि आज साऱ्या जगाचा बिगर-लष्करी साठा तीस किलोच्या आसपास आहे. बाकीचे त्याच यंत्रात लिथियमपासून बनवत राहावे लागणार. ते हवेत आणि पाण्यात सहज मिसळते आणि पोटात गेले तर घातक असते.

नोव्हेंबर २००९ मध्ये आमच्याच कर्नाटकात कैगा केंद्रात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले गेले आणि पन्नासच्या आसपास कामगारांच्या शरीरात ते गेले. सरकारी केंद्र होते, नियम होते, कामगारांची लघवी नियमित तपासली जात होती, म्हणून ते उघडकीला तरी आले. ज्या केंद्रात कंत्राटदाराचा कंत्राटदार माणसे पुरवील आणि महिन्याने ती बदलली जातील, तेथे कोणाची तपासणी कोण करणार आणि नोंद कोणाच्या वहीत राहणार? फ्यूजन "स्वच्छ" आहे असे म्हणताना ते यंत्र पुसणाऱ्या, उघडणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या कामगाराचा विचार प्रथम झाला पाहिजे.

दोन बाजूंना आमचे उत्तर

एक बाजू म्हणते, सरकारला हे जमणार नाही, खाजगीवाल्यांना द्या. आम्ही विचारतो, आजवर जे जमले ते कोणी जमवले? आदित्य, ईटर, जेट, लिव्हरमोर ही सगळी सरकारी पैशाची कामे आहेत. ईटरला उशीर झाला हे खरे. पण खाजगी कंपन्यांनी तरी अजून कोठे विजेचा दिवा लावला आहे?

दुसरी बाजू म्हणते, हा पांढरा हत्ती आहे, पैसा शाळा-इस्पितळांना द्या आणि फ्यूजन बंद करा. यांची तळमळ आम्हाला समजते, पण उपाय चुकीचा आहे. आपण संशोधन सोडले तर फ्यूजन थांबणार नाही, फक्त ते दुसऱ्यांचे होईल. मग नातवंडांनी ते डॉलर मोजून विकत घ्यायचे. मात्र २०६० च्या आशेवर २०३० चे काम टाळणे आम्हाला मंजूर नाही. सूर्याची आणि वाऱ्याची वीज आज हाताशी आहे, तारांची गळती आज थांबवता येते, रेल्वेच्या छपरांवर आणि जमिनींवर पॅनेल आज बसवता येतात.

रेल्वेला स्वतःच्या मालकीची वीज नवी नाही. जी.आय.पी. रेल्वेने १९२९ मध्ये ठाकुर्लीजवळ चोळा येथे स्वतःचे वीजघर बांधले होते आणि मुंबईच्या गाड्या त्यावर धावल्या. बिहारमधील नबीनगरच्या १,००० मेगावॉटच्या केंद्रात आजही रेल्वेची भागीदारी आहे. जे कोळशात जमले ते फ्यूजनमध्ये का जमू नये?

आमच्या मागण्या

१. फ्यूजनचे संशोधन आणि त्यातून पुढे निघणारी वीज केंद्रे सार्वजनिक क्षेत्रातच राहावीत. सरकारी प्रयोगशाळेत तयार झालेले ज्ञान कोणत्याही खाजगी कंपनीला विकू नये.

२. गांधीनगरच्या संस्थेला आणि ईटरच्या भारतीय कामाला दरवर्षी नियमित निधी मिळावा. एक वर्ष पाऊस, एक वर्ष दुष्काळ अशाने संशोधन होत नाही.

३. फ्यूजनची वीज विकत घेण्याचा कोणताही आगाऊ करार किंवा सरकारी हमी संसदेत चर्चा झाल्याशिवाय देऊ नये. पहिला हक्क रेल्वे, पाणी, इस्पितळे आणि शेतीचा असावा.

४. अणुऊर्जेच्या प्रत्येक केंद्रात, सरकारी असो वा खाजगी, कंत्राटी कामगारांची आरोग्य तपासणी कायम कामगारांइतकीच व्हावी आणि त्यांची नोंद नोकरी सुटल्यावरही जपली जावी.

बंधूंनो, प्रत्येक शाखेने येत्या सभेत या मागण्यांचा ठराव करावा आणि तो आपल्या खासदाराला पाठवावा. ठरावाबरोबर सभासदांची पोस्टकार्डेही जाऊ द्या. पोस्टकार्ड आपलेच बांधव छाटतात, आपलेच बांधव गाडीतून नेतात आणि आपलेच बांधव खासदाराच्या दारात टाकतात. तेवढे आपल्या हातात आहे, तेवढे आधी करू.

फ्यूजनचा दिवा आपल्या हयातीत लागेल की नाही, हे शास्त्रज्ञ ठरवतील. तो लागला तर कोणाच्या घरात प्रथम लागेल, हे मात्र आपण आज गप्प बसतो की बोलतो यावर ठरणार आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!

शाखा चिटणीस, रेल्वे कामगार युनियन, बेंगळूर